हर्डमानियाची बरणी

“रक्तात तेजाब घेऊनही जगता येतं, फक्त पेशी फुटू द्यायची नसते,” असं पंडित वाव्हळे एकदा वर्गात म्हणाला होता.

मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला येईल असं त्यांना वाटलं. राणीसावरगावहून सकाळच्या एसटीने येणाऱ्या एका मुलाने, तेजाब म्हणजे ॲसिडच ना सर, अशी खात्रीही करून घेतली. पंडितने मान हलवली आणि फळा पुसायला घेतला. त्याच्या घरात ॲसिडला तेजाबच म्हणत आले होते. वर्गात तो जपून, पुस्तकासारखं बोलायचा. तो शब्द कसा निसटला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

विषय होता हर्डमानिया. समुद्राच्या तळाशी खडकाला नाहीतर शिंपल्याला चिकटून राहणारा, बटाट्याएवढा आणि बराचसा बटाट्यासारखाच दिसणारा प्राणी. वर दोन तोंडं. एकातून पाणी आत घ्यायचं, दुसऱ्यातून बाहेर सोडायचं, मरेपर्यंत. हात लावला की तो अंग आवळतो आणि पाण्याची पिचकारी मारतो. समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. तरी अभ्यासक्रमात तो होता, म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटात त्याची एक बरणीही होती, आणि त्या बरणीवर पंडितचा जीव होता.

पंडित त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागला एकोणऐंशीच्या जूनमध्ये. कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, जिनिंगच्या पलीकडे, पत्र्याच्या खोल्यांचं. संस्था आबासाहेबांची. पंडितची जागा राखीव होती, आणि ती भरलेली दिसावी पण भरली जाऊ नये, अशी सोय आबासाहेबांना जमली होती. दर एप्रिलात पंडितला मोकळं करायचे, दर जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. उन्हाळाभर तो कुणाचाच कुणी नसे. दुपारी खोलीत फरशीवर पडून पत्र्यावरच्या उन्हाचा आवाज ऐकत राही. मेच्या शेवटी आबासाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसे. ते कधी लगेच भेटत, कधी दुसऱ्या दिवशी. “या, वाव्हळे. यंदा बी तुमीच,” असं म्हणत. जणू दरवर्षी ती एखादी आनंदाची बातमी होती. पंडितचे केस त्या ओसरीवरच पांढरे झाले.

बायको कुसुमबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, आणि कायम होती. सकाळी चहा देताना ती म्हणायची, “घ्या, कायम माणसाच्या हातचा हाय.” सुरुवातीला दोघंही हसत. पुढे ती एकटीच हसायची, आणि मग तिनेही ते म्हणायचं सोडून दिलं.

समुद्र पंडितने एकदाच पाहिला होता. औरंगाबादला एम.एस्सी. करत असताना त्यांची सहल रत्नागिरीला गेली. ओहोटीच्या वेळी त्यांच्या सरांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून एका होडीच्या बुडावरून हर्डमानियाच्या भाऊबंदांतला एक काळपट जीव खरवडून काढला आणि वाळूवरच चिरला. फिकट, हिरवट-पिवळं रक्त आलं. सरांनी त्यावर निळा लिटमस कागद टेकवला. काही झालं नाही. मग रक्तात गोड्या पाण्याचा एक थेंब टाकला. पेशी फुगल्या, फुटल्या, आणि कागद लाल झाला.

सर म्हणाले, या पेशींच्या आत गंधकाम्ल आहे आणि त्या आम्लात व्हॅनेडियम नावाचा धातू. समुद्राच्या पाण्यात तो जवळजवळ नसल्यातच जमा. हा प्राणी पाणी गाळत बसतो आणि कण कण धरून ठेवतो, बाहेर आहे त्याच्या लाखो पट. कशासाठी, हे मात्र कळलेलं नाही. नेपल्सच्या किनाऱ्यावर एका जर्मन माणसाने हे शोधून काढलं तेव्हा वाटलं होतं, आपल्या रक्तातल्या लोखंडासारखा तो प्राणवायू वाहून नेत असेल. तसंही नाही निघालं.

सगळी मुलं शंख वेचायला पांगली. पंडित त्या फाटलेल्या जिवाजवळ उकिडवा बसून राहिला. इतकं कडू अंगात साठवायचं, जन्मभर सांभाळायचं, कुणाला त्याचा चटका बसू द्यायचा नाही, आणि उपयोग काय ते कुणालाच माहीत नाही. असा प्राणी त्याने तोवर पाहिला नव्हता. पाहिला नव्हता असं तरी त्याला वाटलं.

त्याच वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. ताडकळसच्या पलीकडच्या त्याच्या गावी वस्तीतली घरं जळाली. हॉस्टेलवरून तो कसाबसा पोचला तेव्हा बाप, किशनराव, जळक्या दारासमोर दगडावर बसला होता. आई आत राखेतून भांडी काढत होती. बाप एवढंच म्हणाला, “भिंती हायत अजून.” नंतर मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. पंडितनेही विचारलं नाही.

मग नोकरी, आणि कपाटातली ती बरणी. पहिल्याच वर्षी पंडितने ठरवलं, रत्नागिरीला पाहिलं ते मुलांना दाखवायचं. बरणीचं झाकण काढायचं, फॉर्मॅलिनने डोळ्यांत पाणी आलं की तोंड फिरवायचं, लिटमस बुडवायचा आणि झाकण लावून टाकायचं. कागद लाल झालेला असायचा. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर काढायची. विभागप्रमुख बन्सीधर रोडगे यांनी बजावून ठेवलं होतं, एकच नग आहे, बाहेर काढायचा नाही. पंडितने तो कधी काढला नाही. पातळ द्रव वर्षागणिक गढूळ, पिवळा होत गेला. आत दोन उंचवट्यांचं काहीतरी तपकिरी दिसायचं, आणि तेवढं त्याला पुरायचं. दुसऱ्या बरण्यांत त्याने कधी लिटमस बुडवला नाही.

हर्डमानियाच्या पिल्लाबद्दल तो शिकवायचा तेव्हा मात्र वर्ग शांत व्हायचा. पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं, शेपटीचं असतं. ते खात नाही, नुसतं पोहतं आणि चिकटायला जागा शोधतं. जागा मिळाली की डोकं टेकवतं आणि तिथलंच होऊन जातं.

“आन जागा न्हाई मिळाली तर, सर?” कुणीतरी विचारायचंच.

“तर पोहत राहतं. मग मरतं.”

अशी वर्षं गेली. त्र्याण्णवचा डिसेंबर आला. विद्यापीठाचं नाव होणार, नाव होणार, असं आता टपरीवरसुद्धा बोललं जात होतं. त्याच दिवसांत विद्यापीठाची समिती विभागाला कायमची मान्यता द्यायला येणार असं ठरलं. आबासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “वाव्हळे, विभाग कायम झाला की तुमीबी कायम. ऑर्डर टाईप करून ठेवलीय. समिती गेली की सही करतो.” एवढं उघड ते आजवर कधी बोलले नव्हते. पंडित घरी चालत आला. वाटेत त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो फक्त थकवा, उतरण लागल्यावर पायांना जाणवतो तसा.

रोडगे सर भाचीच्या लग्नाला गेले होते. समितीला नीट दिसावं म्हणून पंडितने बरण्यांतलं जुनं फॉर्मॅलिन बदलायला घेतलं. हर्डमानियाची बरणी त्याने शेवटी ठेवली होती. चिमट्याने नग बाहेर काढला, पांढऱ्या बशीत ठेवला. दोन तोंडं होती खरी, पण त्यांना भोकं नव्हती. त्याने ब्लेड लावलं. ते अडखळलं नाही. आत कल्ले नव्हते, आतडं नव्हतं, पोकळीच नव्हती. सगळं एकसारखं, पांढरट, घट्ट.

हर्डमानियाचं वरचं आवरण प्राण्याचं वाटत नाही. झाडांत असतं तसल्या सेल्युलोजचं ते बनलेलं असतं. हे पंडित दरवर्षी शिकवायचा. म्हणून त्याने क्षणभर धीर धरला. आवरण फार जाड झालं असेल. मग त्याने आयोडीनची बाटली घेतली आणि कापलेल्या जागी एक थेंब सोडला. नुसतं सेल्युलोज असतं तर थेंब पिवळटच राहिला असता. तो निळा झाला, आणि बघता बघता काळा. बटाट्यात पिष्ट असतं हे सिद्ध करायला सातवीची मुलं हाच प्रयोग करतात.

त्याने बेडकाच्या बरणीतून काढून ठेवलेल्या जुन्या पाण्यात लिटमस बुडवला. लाल. सापाच्या, विंचवाच्या. लाल. जुनं फॉर्मॅलिन आंबतं, त्यात आम्ल तयार होतं, हे त्याने एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी वाचलेलं होतं. तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. बाहेर जिनिंगचा भोंगा झाला.

दुसऱ्या दिवशी रोडगे सर आले. सटवाजी, प्रयोगशाळेचा शिपाई, चहा घेऊन आला होता. पंडितने कापलेल्या नगाची बशी पुढे केली.

रोडग्यांनी आधी बशीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तुमाला आज कळलं?”

पंडितने बशी टेबलावर ठेवली.

“अहो, अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या टायमाला मोर्चा गेला इथून. खिडकीतून दगड आला, तो नेमका त्या कपाटावर. बरणीचा चुरा झाला. पुढं लगेच तपासणी, नग कमी भरला असता. मग काय, सटवाजीच्या घरून बटाटा आणला.”

“दोन कोंबाचा बघून आणला व्हता, साहेब,” सटवाजी कप ठेवत म्हणाला. “कोंब ब्लेडनं निगुतीनं सारखे केले. वळखूच येईना.”

“खरं सांगू का, वाव्हळे? आमाला वाटायचं तुमाला माहीत हाय, तुमी पोरांसाठी नाटक करायलाव. लय भारी करता, ते बी खरं. मी सोयऱ्याधायऱ्यांत सांगतो, आमच्याकडं एक सर हायत, बटाट्यातून तेजाब काढतेत.” ते हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, आणि तेच पंडितला सोसेना.

“मोर्चा कोणाचा होता, सर?”

“आता ते कामून उकरायलाव?” रोडगे कपाच्या बशीत चहा ओतत म्हणाले. “झालं गेलं. सटवाजी, एक ताजा बटाटा बघ. नीट दोन तोंडाचा. वाव्हळे, तुमी फक्त बोला. दरवर्षी बोलता तसं.”

स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, हे पंडितला तेव्हा कळलं. दरवर्षी प्रयोगाच्या दिवशी दारात येऊन उभे राहणारे, “चालू द्या, चालू द्या” म्हणणारे सहकारी त्याला एकेक करून आठवत राहिले.

संध्याकाळी त्याने कुसुमबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. आधी ती हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“हसू नको का?” तिने विचारलं.

“हस.”

“मी दरसाल दाखवते पोरांना, बटाट्यावर आयोडीन टाकून. एकदा घरी आणला असता तर मीच सांगितलं असतं.” मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तवा उतरवला. “त्यो दगड त्याच आठवड्यातला असंल ना? आपल्या गावची घरं जळाली त्या?”

“असेल.”

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“हे बघा. मी दमले. तुमची नोकरी कच्ची हाय म्हणून न्हाई. दर एप्रिलात तुमचं तोंड बघून दमले. त्या ओसरीवरून तुमी येता, ते माणूस माझ्या वळखीचं नसतं. समितीपुढं एकदा हो म्हणा आन कायम व्हा. मग सुट्टीत रत्नागिरीला जाऊ. खरा आणू, गुपचूप बदलून ठेवू. मला बी समुद्र बघायचाय. कोणाला कळायलंय?”

त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. पंडितने भाकरीचा तुकडा मोडला.

“म्हणणार ना हो?”

“म्हणतो.”

“माझ्याकडं बघून सांगा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. “म्हणतो, कुसुम.”

समितीच्या दिवशी रोडगे सर जीप घेऊन हार-नारळासह देवगाव फाट्यावर पाहुण्यांना सामोरे गेले. पाहुणे दुपारी आले. तिघेजण. दोघांनी खुर्च्यांवर बसूनच प्रयोगशाळा पाहिली. तिसऱ्या एक बाई होत्या, साठीकडे झुकलेल्या, पायांत साध्या रबरी चपला. जन्म मालवणचा, लग्न होऊन इकडे आलेल्या, असं रोडग्यांनी वाटेत काढून घेतलं होतं. त्या कपाटाच्या एकेका खणासमोर थांबत होत्या. हर्डमानियाच्या बरणीशी त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. नवं फॉर्मॅलिन काचेसारखं स्वच्छ होतं. सटवाजीने बटाटा रात्रभर चहाच्या पाण्यात ठेवून रंगवला होता.

“आमच्या वाव्हळे सरांचा लाडका हाय तो,” आबासाहेब खुर्चीतून म्हणाले. “दाखवा की, सर, ते तेजाबाचं.”

पंडितने झाकण काढलं. लिटमस बुडवला. कालच ओतलेल्या फॉर्मॅलिनमध्ये कागद निळाच राहिला. त्याने तो बरणीशेजारी ठेवला. रोडगे खाकरले.

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग पंडितकडे. “तुम्ही हा कधी जिवंत पाहिलाय, सर?”

“हा नाही. याच्या जातीतला. रत्नागिरीला.”

“रक्त?”

“फिकट होतं. हिरवट. गोडं पाणी टाकेपर्यंत काही होत नाही. पेशी फुटल्या की मग लाल. जरा वेळाने सगळंच काळपट पडतं. सरांनी रुमालाला पुसलं होतं, तो डाग मी परत येईपर्यंत बघत होतो.” बोलता बोलता त्याला जाणवलं की हे सगळं आपण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलांना सांगितली ती फक्त बरणी.

“हो,” बाई म्हणाल्या. “जातच नाही तो डाग. माझ्या एका साडीवर आहे.” त्या किंचित हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी विभागाबद्दल चांगलंच सांगणार आहे, सर. पोरं लांबून येतात, मला दिसतंय. पण आता हे पाहिलं, तर तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाता येईना. हा नग खरा आहे ना? तुम्ही हो म्हणा, मी पुढचा खण बघते.”

खोलीत कुणी हललं नाही. आबासाहेबांच्या खिशाला पेन होतं. दाराशी सटवाजी चहाचा ट्रे धरून थिजला होता. रोडगे सर डोळ्यांनी म्हणत होते, म्हणा, म्हणा. कुसुमबाई या वेळी शाळेत फळ्यासमोर असेल, आणि खडू हातात धरून मधूनच घड्याळाकडे बघत असेल, हेही पंडितला दिसलं.

“म्हणा की, वाव्हळे,” आबासाहेब म्हणाले. “इतकी वर्षं आमी तुमाला सांभाळलं. एवढ्याला कामून अडून बसायलाव?”

हो म्हणायला त्याचा विरोध नव्हता. त्याने तोंड उघडलंही. पण तो शब्द आणायचा कुठून ते त्याला सापडेना. जन्मभर तो साठवत आला होता ते हो नव्हतं. नाही म्हणायचं तर त्यासाठी लागणारा जोर त्याच्यात उरला नव्हता. फक्त हात मोकळे होते.

त्याने चिमटा घेतला. बरणीतला नग काढून पांढऱ्या बशीत ठेवला. ब्लेडने मधोमध कापला. आयोडीनची बाटली उघडून एक थेंब सोडला आणि बशी टेबलाच्या मध्ये सरकवली. डाग निळा झाला, कडेकडेने पसरत काळा होत गेला. आबासाहेबांना शाळेतला तो प्रयोग ओळखू आला असावा, कारण त्यांनी नजर काढून घेतली.

पंडितने बाटलीला बूच लावलं. ब्लेड धुतलं, फडक्याने पुसलं, जागच्या जागी ठेवलं. निळा राहिलेला लिटमस उचलून खिशात टाकला. सटवाजीने ट्रे सांभाळत अंग चोरून वाट दिली, आणि पंडित वाव्हळे दाराबाहेर, उन्हात निघून गेला.